आसरांचं झाकण

तवा नावेत कोण कोण हुतं ते आदी सांगते, म्हंजी नंतर कुणी म्हणायला नको का अमकी हुती आन् तमकी न्हवती. एक म्या. दुसरी माझी धाकटी जाऊ, मुरुम गावाकडली, सातवा महिना लागलेली. तिसरी आमच्या गल्लीतली म्हातारी, तिला समदे आजी म्हणायचे. चौथ्या पल्याडच्या मळ्याच्या मालकीण काकू, राहायला गावातच, ज्यांच्या रानात आमी कामाला जायचो. पाचवा नाव चालवणारा भोई, त्याला आमी मामा म्हणायचो. आन् काकूंची शेळी. नावं कुणाचीच सांगत न्हाय. निम्मी माणसं गेली, आन् जी गेली त्यांची लेकरं ह्याच गावात नांदायलीत.

म्या दुसरी नापास. हे लिहून घ्यायलीय माझी पुतणी. तशी ती बी तवा नावेत हुतीच म्हणा, आईच्या पोटात.

आमच्या गावचं तळं बाहात्तरच्या दुष्काळात झालं. त्याच्या भरावावर म्या माती टाकलीया. सकाळी पाटी उचलायची, दुपारी सरकारी सुकडी खायची, सांजच्याला डोईवरचे केस गळून हातात यायचे. तळं बांधताना कुणाच्या ध्यानात आलं न्हाय का पाणी भरलं म्हंजी पल्याडच्या रानाची वाट बुडंल. दोन पावसाळ्यांनी तळं भरलं आन् वाट गेली पाण्यात. आदी ज्या रानात बिडी ओढून हुईस्तोवर पोचायचो, तिथं जायला आता भिंतीवरनं दोन कोसाचा वळसा.

मग मासेमारीची सोसायटी निघाली. तिनं कुठल्या तरी मोठ्या धरणावरनं जुनी नाव आणली, ट्रकात घालून. धुरळा उडवत रस्त्यानं नाव यायली, सगळं गाव बघायला. आजी म्हणली, "पाणी हुडकायला निघालीय बघ बिचारी."

नाव लाकडाची, वरनं निळा रंग. मधोमध माशे ठिवायचा खण. खणावर दोन झाकणं, फळ्या जोडून केलेली, दारासारखी. मागचं झाकण रोज उघडायचं, मासळी टाकायची, बंद करायचं. पुढचं मातुर कवाच उघडलं न्हाय. कारण मामानं नाव पाण्यात घातली त्याच दिशी त्या झाकणावर साती आसरा मांडल्या. आसरा म्हंजी पाण्यातल्या सात बहिणी, भोई लोकं त्यांचं लई करतेत. झाकणावर शेंदराचे सात ठिपके. रोज सकाळी मामा तांब्यानं पाणी घालायचा, हळद-कुकू वाहायचा, आन् मंगळवारी त्याच झाकणावर नारळ फोडायचा. तिथं कुणी पाय ठिवायचा न्हाय. मामा सवता बी ठिवत न्हवता, कडंच्या फळीवरनं डोंबाऱ्यासारखा चालायचा.

मासळी धरून झाली का मामा बायकांना पल्याड सोडायचा. बसायच्या जागा ठरलेल्या. कुणी सांगितल्या न्हवत्या, पण ठरलेल्या. काकू आन् त्यांच्या आळीतल्या बाया पुढं, कोरड्या फळीवर. आमी मागं बुडाला, जिथं पाणी साचतं तिथं. आमी धम्म घेतलेली माणसं. माझ्या सासऱ्यानं घरातले देव टोपल्यात घालून वढ्याला सोडले हुते, तवा म्या नवी नवरी. गावानं ते मनात धरून ठिवलेलं. पण काम पायजे हुतं, म्हणून आमी बसायचो पाण्यात पाय घालून.

त्या साली परत पाऊस न्हाय. जवारी हातभर वाढून वाळली. आमचे मालक आन् दीर दोघं ऊस तोडायला गेले. घरात सासू, माझी दोन लेकरं, जाऊ आन् म्या. काम कुठंच न्हवतं. फकस्त पल्याडच्या काकूंच्या मळ्यात कांदा हुता, कारण त्यांच्या हिरीला तळ्याचा पाझर. ते एकच काम, आन् तिथं जायला एकच नाव. चालत दोन कोस जायचं म्हणलं तर म्या गेले असते. जावंला जमत न्हवतं. तिचे पाय भाकरीवानी फुगलेले, बोट दाबलं का खड्डा राहायचा. आन् तिच्या एकटीची मजुरी गेली असती तर घरातल्या एका येळच्या भाकरी गेल्या असत्या. एवढं सरळ हुतं ते.

पाणी रोज मागं सरायचं. काल जिथं उतरलो तिथं आज गुडघाभर गाळ. नावेचं तोंड गाळात रुतायचं, म्हणून मामा नाव आडवी लावायला लागला आन् मधनं एक फळी काठावर टाकायचा. म्हंजी आता चढायचं उतरायचं ते मधनं, बरूबर झाकणाच्या बाजूनं. तळं भरलेलं हुतं तवर ते झाकण कुणाच्या वाटंत न्हवतं. दुष्काळानं ते वाटंत आणलं.

आन् काकूंची शेळी. काकू तिला रोज संगं न्यायच्या, मळ्यातल्या बांधावर हिरवं मिळायचं म्हणून. शेळी नावेत चढली का सरळ जाऊन झाकणावर हुबी. वल्लं तिला आवडायचं न्हाय. चारी पाय जवळ घेऊन, साती आसरांच्या मधोमध, चेरमनसारखी. कुणी काय म्हणायचं न्हाय. एकदा तर तिनं तिथंच लेंड्या टाकल्या, मामानं गप फडक्यानं पुसलं.

एक दिस जाऊ मागं बुडाला बसली, आन् बसल्याबरूबर तिला कळ आली. तोंड पांढरं. म्हणली, "अक्का, पाय आखडला, हितं मला बसवंना." कोरडी आन् मोकळी जागा बघितली तर एकच. शेळीच्या बाजूला. म्या म्हणलं, "बस तिथं."

"न्हाय न्हाय," मामा वल्हं सोडून वरडला. "बाई, उठवा तिला. आसरांची जागा हाय."

म्या म्हणलं, "मामा, शेळी?"

आजी तोंडाला पदर लावून हसली.

काकू म्हणल्या, "शेळी मुकं जनावर हाय गं."

"मग आमी काय बोलतं जनावर हाव का, काकू?"

ते बोलून गेले आन् माझं मलाच भ्या वाटलं. कामाच्या मालकिणीला असं बोलायची आमची रीत न्हवती. काकूंनी माझ्याकडं बघितलं, मग पाण्याकडं. हळूच म्हणल्या, "मला काय न्हाय. पोटुशी हाय म्हणून म्हणते. आसरा पोटुशीला धरतेत."

"आमच्यात आसरा न्हायत," म्या म्हणलं. मग मामाला इचारलं, "वजन झेपंल का न्हाय तेवढं सांगा."

मामा म्हणला, "वजनाचं काय घिऊन बसलीस? हत्ती नाचव त्याच्यावर. सहा वरसं झाली, कवा कुरकुरलं न्हाय. पण पाय लावायचा न्हाय म्हंजी न्हाय."

आता म्हातारपणी मला हे कळतं का त्यात किती चूक हुती. सहा वरसं कुरकुरलं न्हाय, कारण सहा वरसं त्याच्यावर कुणी माणूस हुबाच न्हवता राहिला. ज्याच्यावर कुणी पाय दिला न्हाय ते मोडंल कसं? पण तवा त्यो बी म्हणला दणकट, म्या बी म्हणलं दणकट. म्या तर शेळी बघत हुते. शेळी झेपती तर बाई झेपंल. शेळीचं वजन ते किती, चार पायांवर वाटलेलं. ही दोन जिवांची बाई. हे माझ्या डोक्यात आलं न्हाय. माझ्या डोक्यात एकच, का शेळीचं चालतं आन् आमचं चालत न्हाय.

जाऊ झाकणाच्या कडंला बसली. काय झालं न्हाय. दुसऱ्या दिशी बसली, तिसऱ्या दिशी बसली. मामा तोंड फिरवून वल्हं मारायचा. काकू बोलायच्या न्हाईत, पण तिसऱ्या दिशी त्यांनी आपल्या फडक्यातली कांदाभाकर जावंला दिली. म्हणल्या, "खा गं, तोंड बघ कसं उतरलंय." म्या मनात म्हणलं, जिंकलो.

चौथ्या दिशी सकाळी मामानं पल्याड नाव आडवी लावली, फळी टाकली. काकू उतरल्या. आजी उतरली. शेळी अडून बसली. काकू काठावरनं दोरी वढायल्या, ती मागं सरायली, आन् नाव हलायली. जाऊ कडंवरनं उठंना. पाण्याकडं बघून भ्यायलेली. म्हणली, "अक्का, मला चक्कर यायली."

म्या फळीपाशी हुते. म्या म्हणलं, "मधी हुबी राहा. झाकणाच्या मधी. तिथं नाव हलत न्हाय. मग माझा हात धर."

हे म्या म्हणलं. दुसऱ्या कुणी न्हाय.

ती मधी सरकली आन् हुबी राहिली. हात पुढं केला. माझ्या बोटाला तिची बोटं लागली हुती. आवाज मोठा न्हाय झाला, वाळकं काटूक मोडतं तेवढाच. आन् ती मांडीपतूर खाली गेली. एक पाय खणात, एक पाय वर दुमडलेला, पोट फळ्यांवर टेकायला दोन बोटं कमी. तिनं दोन्ही हात पोटाखाली घातले. वरडली न्हाय. नुसतं "अव्वा" म्हणली, तिच्या माहेरच्या कानडी बोलीत, म्हंजी आई.

मामानं तिच्या काखंत हात घालून वर वढायला घेतलं. म्या म्हणलं, "वढू नका! फळ्यांची टोकं मांडीत घुसलीत." मग मामानं बिन बोलता माशे तोडायचा कोयता घेतला आन् भोवतीच्या फळ्या तोडायला लागला. शेंदराच्या ठिपक्यांवर बी घाव घातले. तोडायला लई येळ लागला न्हाय. एकेका घावात फळी भुसकन जायची. तवाच मला काय तरी खटकलं, पण तवा इचार करायला सवड कुठं.

पाय बाहेर काढला तर घोटा उलट्या बाजूला बघायला. काकूंनी आपलं निम्मं लुगडं फाडून बांधलं. नावेतनं अल्याड, अल्याडनं बैलगाडीत, येडशीच्या रस्त्यापतूर, तिथनं ट्रकानं उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात. गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर. ती सारखी इचारायची, "अक्का, हलायलंय का?" म्या तिच्या पोटावर हात ठिवून बसलेली. येडशीचा रस्ता येईस्तोवर काय हललं न्हाय. म्या म्हणत हुते, "हलतंय, हलतंय." फाट्यावर ट्रकासाठी थांबलो, तवा एकदा खरंच हललं. म्या तिला काय सांगितलं न्हाय, कारण तिला वाटत हुतं का ते आदीपासनंच हलायलंय.

पोटातली पोर वाचली. पाय मातुर न्हाय बसला. पिलास्तर दोनदा घातलं, पण घोटा आखडला तो आखडलाच.

चार दिसांनी म्या गावात आले तर गावाचा निकाल लागून गेलेला. आसरांनी धरलं. देव सोडलेल्या बायका आसरांवर बसल्या, मग दुसरं काय हुणार. सोसायटीच्या चेरमननं निंबाखाली बैठक बोलावली हुती. मला बी बोलावणं.

म्या जाताना एक काम केलं. मोडलेलं झाकण मामानं पाण्यात सोडायला म्हणून काठाला ठिवलं हुतं, फडक्यात गुंडाळून. त्यातनं एक हातभर फळी म्या काढली, पदराखाली घेतली.

चेरमन म्हणला, "आदी आसरांची शांती करा. तवर तुमच्या बायका नावेत घ्यायच्या न्हाईत. हे काय माझ्या मनाचं न्हाय, गावाचं हाय."

आजी मागनं म्हणली, "गावाला शेळी दिसली न्हाय व्हय?"

"आजी, तुमी गप बसा."

म्या फळी काढली आन् त्याच्या म्होरं टेबलावर ठिवली. पालथी. वरनं निळी, गुळगुळीत, शेंदराचा निम्मा ठिपका असलेली. खालनं काळी, बुरशीची. म्या म्हणलं, "दादा, तुमची किल्ली ह्याच्यात घाला."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग कमरंची किल्ली काढली आन् फळीला लावली. दाबली बी न्हाय नीट. किल्ली आत गेली, ऊन भाकरीत बोट जातं तशी.

मग म्या मामाला इचारलं. दांडगाईनं न्हाय इचारलं, खरंच इचारलं. "मामा, रोज किती पाणी घालता?"

"तांब्याभर."

"सहा वरसं?"

"सहा वरसं."

"आन् नारळ?"

"दर मंगळवारी." त्याचा आवाज खाली गेलेला.

"मग खालनं कवा बघितलं न्हाय?"

मामानं फळी सुलटी केली. म्हणला, "आसरांना पालथं कसं घालू, बाई?"

ते ऐकून मला त्याचा राग आला न्हाय. त्यो खोटं बोलत न्हवता. मागचं झाकण रोज उघडायचा, ते वाळायचं, त्याची पट्टी सैल झाली का खिळा मारायचा. ते मोडलं न्हाय. ज्याची लई काळजी घेतली तेच कुजलं.

चेरमननं किल्ली धोतराला पुसली. म्हणला, "नवं झाकण करून घ्या." तेवढंच. चुकलं म्हणून कुणी म्हणलं न्हाय, शांतीचं बी परत कुणी काढलं न्हाय. दोन दिसांनी काकूंचा निरोप आला, कांदा काढायला या. म्या गेले. पोटाला लागतं, तिथं रुसून चालत न्हाय.

सुतारानं नवं झाकण केलं तवा मामानं मला काठाला बोलावलं. रंग द्यायच्या आदी झाकण उलटं धरून दाखवलं. खालनं तीन आडव्या पट्ट्या, दोन्ही कडंच्या लाकडावर नीट टेकलेल्या. मग सवता मधी हुबा राहून दोनदा उडी मारली, म्हाताऱ्या माणसानं. सात ठिपके त्यानं नावेच्या नाकाडावर काढले, हुब्या लाकडावर, जिथं पाणी थांबत न्हाय. मला म्हणला, "या, हुबं राहा." म्या राहिले.

हितं संपलं असतं तर बरं झालं असतं.

जावंला म्या फळीचं समदं सांगितलं, दवाखान्यात परत गेले तवाच. ती ऐकून घ्यायची आन् म्हणायची, "न्हाय अक्का, आसरांनीच धरलं मला." घरी आली तरी तेच. माझा दीर ऊसतोडीवनं आला, बायकोचा पाय बघून त्यानं इचारलं, तुला तिथं कुणी हुबं केलं? ती म्हणली, "कुणी न्हाय. आसरांचा कोप झाला." सासूला तेच. पोरीला तेच. आमच्या घरात देवाचं नाव घेत न्हवते, आन् ही आसरांचं घ्यायची. मला लई राग यायचा. एवढं म्या भर बैठकीत फळी नेऊन दाखवली, आन् हिच्या डोक्यात काय शिरंना. किती दिस म्या तिला येडी समजले.

ती लंगडत रानात गेली, लंगडत पाणी आणलं, तीन लेकरं वाढवली. थंडीत घोटा ठणकायचा तवा म्या तेल लावून चोळायची. असंच एकदा चोळताना म्या म्हणलं, "अगं, आता तरी म्हण का फळी कुजली हुती."

ती म्हणली, "म्हणलं असतं. पण फळी म्हणलं का लोकं इचारतेत, फळीवर हुबी कुणी केली. आसरा म्हणलं का कुणी इचारत न्हाय."

म्या चोळत राहिले.

ती मागल्या साली गेली. आता आसरांचं नाव घिऊन मला झाकायला कुणी न्हाय, माझ्यावर यायचं तेवढं येऊ दे. तिची लेक लिहायची थांबली हुती मघाशी. म्या म्हणलं, लिही. तुझ्या आईला मधी हुबी राहा म्हणून म्या सांगितलं. फळी कुजली हुती हे खरं. मामानं ती पालथी घातली न्हाय हे खरं. पण म्या बी ती पालथी घातली न्हवती. म्या तर तीन दिस नुसती शेळीशी बरूबरी करत हुते. एकदा खाली हात घालून चाचपलं असतं, तरी बोटाला कळलं असतं.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं हाय. नाव असू दे, टाकी असू दे, हिरीवरचं झाकण असू दे, कुणाला त्याच्यावर हुबं राहा म्हणायच्या आदी ते उलटं करून खालनं बघा. आन् पयलं पाऊल आपलं टाका.